डॅलस ते नारायण पेठ, व्हाया मांजरी

अमेरिकेला जाऊन आलेला पुणेकर ओळखायला सोपा असतो. तो पुस्तक लिहितो. मुलाकडे तीन महिने राहायचं, नातवाला बाबागाडीतून फिरवायचं, एक धबधबा बघायचा आणि परत आल्यावर तिथल्या शिस्तीवर दीडशे पानं छापून सगळ्या नातेवाइकांना सप्रेम भेट द्यायची. आमच्या लग्नात अशी चार पुस्तकं आहेरात आली होती. मी डॅलसमध्ये अकरा वर्षं काढली आणि एक ओळ लिहिली नाही, कारण तिथं लिहिण्यासारखं काही घडतच नाही. कचऱ्याची गाडी वेळेवर येते, आणि ती वेळेवर येते असं लिहून झालं की विषय संपतो.

लिहिण्यासारखं घडायला लागलं ते परत आल्यावर. म्हणून हे प्रवासवर्णन उलट्या दिशेचं आहे. ते आमच्या डॅलसच्या मित्रमंडळींसाठी आहे. ही मंडळी दर शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतात, कागदी ताटल्यांतून बटाटेवडे खातात आणि 'पुढच्या वर्षी नक्की परत जायचं' असं म्हणून कोकचा ग्लास उचलतात. त्यांच्यातले कुणी खरोखरच निघाले तर त्यांना सांगते, या प्रवासाला व्हिसा लागत नाही. बाकी सगळं लागतं.

प्रवासी आम्ही तिघं. नवरा अविनाश, मूळचा अमरावतीचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला पुण्यात तीच नोकरी, त्याच साहेबाच्या हाताखाली मिळाली होती. फरक इतकाच, की आता साहेब उठायच्या आत काम संपवायचं होतं. मुलगी ईशा, डॅलसलाच जन्मलेली, वय वर्षं दहा. आणि मी मीनल, नारायण पेठेत वाढलेली. परत जाण्याची कारणं अविनाशनं कॉम्प्युटरवर तक्ता करून मांडली होती. आयटीची भरभराट, ईशाची मराठी, कामाला बाई, असं बरंच काही त्यात होतं. माझं कारण एकच होतं आणि ते तक्त्यात नव्हतं. आई-बाबांच्या मागं माझं माहेर म्हणजे माझी ताई. मला ताई हवी होती. तिनं वाटेल तेव्हा उठून माझ्या घरी यावं, ओट्याला टेकून उभं राहावं आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, एवढ्यासाठी मी अर्धी पृथ्वी ओलांडली होती.

लोहगाव

ताई आणि भाऊजी विमानतळावर आले होते. ताई शाळेतून गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झालेली, भाऊजी बँकेतून. ईशानं धावत जाऊन ताईला मिठी मारली. ताईला मिठीची सवय नाही. ती खांबासारखी उभी राहिली आणि मिठी संपायची वाट बघू लागली. मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांनी, पहिलं वाक्य बोलली.

"जाड झालीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना हे वाक्य अपमानाचं वाटेल त्यांनी पुण्यात येऊ नये.

पहिले काही दिवस आम्हाला विश्रांतवाडीत कंपनीचं गेस्ट हाउस दिलं होतं. ताईनं आमच्यासाठी पिशवीतून स्टीलचा डबा आणला होता. डब्यावर 'चि. संजय व चि. सौ. कां. वैशाली यांच्या विवाहाप्रीत्यर्थ' असं कोरलेलं. संजय आणि वैशाली केव्हाच वेगळे झाले, डबा मात्र टिकून आहे. आत चकोल्या होत्या, चिंच-गुळाच्या वरणातल्या, वर तूप.

"मावशी, हा पास्ता ऑसम आहे," ईशा म्हणाली.

"पास्ता नाही, चकोल्या," ताई म्हणाली. "आणि ऑसम नाहीत. मीठ जास्त झालंय."

त्या रात्री मी अकरा वर्षांत झोपले नव्हते इतकी गाढ झोपले.

आता पुढची चूक. तिला चूक म्हणायचं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हा तर मला माझं कौतुक वाटत होतं. मी तो डबा तीनदा घासला, पुसून लख्ख केला, चकचकीत कागदी पिशवीत घातला. सोबत डॅलसहून आणलेलं एक कार्ड ठेवलं. गुलाबी रंगाचं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'थँक यू'. आत ईशानं फुलं काढली होती आणि मी 'तुझ्या आदरातिथ्याबद्दल मनःपूर्वक आभार' असं लिहून खाली तिघांच्या सह्या घेतल्या होत्या. हे सगळं घेऊन आम्ही नारायण पेठेत ताईकडे गेलो.

ताईनं डबा बाहेर काढला. झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. मग कार्ड वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"बरं," ती म्हणाली.

पुण्यातलं 'बरं' हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. एका 'बरं'नंतर चहा येतो, दुसऱ्यानंतर विषय बदलतो आणि तिसऱ्यानंतर माणसं चपला शोधू लागतात. मी अकरा वर्षांत सगळं विसरले होते. मला वाटलं, ताईला भरून आलंय.

मंडई

ईशाला खरं पुणं दाखवायचं म्हणून एकदा मंडईत नेलं. तिथं तिनं काय शिकावं याची मी मनात उजळणी केली होती. शिकायची वेळ माझ्यावर आली.

एका मावशींकडून मी अर्धा किलो वांगी घेतली. ईशानं पिशवी हातात घेतली, त्यांच्या डोळ्यांत बघून गोड हसली आणि म्हणाली, "थँक यू सो मच!" मावशींचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी परत मागितली, वांगी पुन्हा काट्यात घातली आणि वजन तपासलं. ते बरोबर भरलं तरी त्यांचं समाधान होईना. इतके आभार म्हणजे आपण नक्कीच काहीतरी जास्तीचं दिलं, या संशयानं त्यांनी एक वांगं काढून घेतलं.

"हसतीय कशापायी पोरगी?" त्यांनी मला विचारलं.

"परदेशातून आलीये," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," म्हणून त्यांनी वांगं परत टाकलं. त्यांच्या नजरेत आजारी मुलाकडे बघताना असते तशी करुणा होती.

मी घरी येऊन अविनाशला हा किस्सा रंगवून सांगितला आणि पोट धरून हसले. त्या गुलाबी कार्डाशी याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मांजरी

पुढं आम्ही मांजरीजवळ एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला गेलो. त्याचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावावरून ठेवलेलं आहे. ते गाव बिल्डरनं बघितलं नसावं, कारण त्या गावाला चारही बाजूंनी ऊस असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शेजारचं पाचट पेटवलं की राख थेट आमच्या युरोपियन बाल्कनीत येते. दारात कारंजं आहे; ते बिल्डर येणार असेल त्या दिवशी चालतं. फाटकावर गणवेशातला वॉचमन, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करून इंटरकॉमवर परवानगी मागायची पद्धत. डॅलसहून जहाजानं आमचं सामान आलं. सोफा लिफ्टमध्ये मावला नाही, म्हणून तो दोरानं वर चढवताना सगळी सोसायटी खाली उभी राहून सूचना देत होती. भांडी धुण्याचं यंत्र आलं, पण त्याला लागतो तितका पाण्याचा जोर इमारतीत नव्हता. त्यात आम्ही कांदे-बटाटे ठेवले.

घर लागलं तशी मी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलवायचं ठरवलं. खरं तर बोलवायचं होतं ताईला; बाकीचे तोंडी लावायला. पण बोलवलं ते आपल्या डॅलसच्या पद्धतीनं, पॉटलक. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. तिथं दर शनिवारी करतच होतो की.

"ताई, तू भात आण," मी फोनवर म्हणाले. "वीस माणसांना पुरेल असा."

पलीकडे ताईनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"आणि तू काय करणार आहेस?"

"मी सॅलड करते. आणि पेपर प्लेट्स माझ्याकडे."

"म्हणजे जेवायला बोलावतेस, आणि जेवण आमच्याकडूनच मागवतेस."

"अगं, सगळे असंच करतात तिकडं."

"बरं," ताई म्हणाली.

त्या रविवारी मामेभाऊ दिलीप बायकोमुलांसह अगदी वेळेवर आला. सोफ्यावर बसून त्यानं जाहीर केलं, "आम्ही जेवून आलोय." आत्या आणि काका डबा घेऊन आले. मला हायसं वाटलं. आत्यानं डबा उघडला, दोघांपुरत्या पोळ्या आणि भाजी काढली, दोघांनी माझ्या पेपर प्लेटमध्ये जेवून घेतलं, मग आत्यानं आमच्या बेसिनमध्ये डबा विसळला आणि पिशवीत घातला. "छान झाला हो कार्यक्रम," असं म्हणून ती गेली. ताई आलीच नाही. भाऊजींचा फोन आला, हिचं डोकं दुखतंय. वीस माणसांचं सॅलड आम्ही तिघं कितीतरी दिवस खात होतो.

त्यानंतर ताई माझ्या घरी फिरकली नाही. फोन केला की "बघू", "जमेल तसं", "ऊन फार आहे". मी डॅलसला होते तेव्हा दर रविवारी ती माझ्याशी पाऊण तास बोलायची. कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाची सून कशी, सगळं. आता मी पीएमटी बसच्या अंतरावर होते आणि आमचं बोलणं दोन वाक्यांवर आलं होतं. मला फार वाईट वाटायचं. तिचं काय बिनसलंय हे कळत नव्हतं, आणि विचारलं तर ती सांगणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. नारायण पेठेत राग सांगत नाहीत, तो समोरच्यानं ओळखायचा असतो.

डॅलसचं घर आम्ही विकलं नव्हतं, भाड्यानं दिलं होतं. एका संध्याकाळी मी अविनाशला म्हटलं, "परत जाऊ या. मी जिच्यासाठी आले तीच येत नसेल तर मी इथं बसून उसाची राख झाडत काय करू?" अविनाशनं पेपरचं पान उलटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबाला चाचपून बघितलं आणि साहेब आनंदानं हो म्हणाला. प्रश्न आता माझ्या 'हो'चा उरला होता.

शेजारच्या दारात

या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम आमच्या दारापासून चार पावलांवर होता. समोरच्या फ्लॅटमध्ये अकोल्याच्या वानखडेकाकू मुलाकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना केळ्याचा केक करून एका प्लास्टिकच्या डब्यातून दिला होता. दोन दिवसांनी काकूंनी बेल वाजवली.

"घ्या वं माय, तुमचा डबा. रिकामा कसा वापस करू, म्हणून चार वड्या टाकल्या."

आत तिळाच्या वड्या होत्या. मी डबा हातात घेऊन दारातच उभी राहिले. आईची आठवण आली. शेजारच्यांचं भांडं परत द्यायचं आणि घरात काहीच नसलं तर आई त्यात चमचाभर साखर घालायची. साखरही संपत आली असेल तर गुळाचा खडा. रिकामं भांडं दारातून परत जाणं म्हणजे यापुढं देणं-घेणं संपलं. आणि मी ताईला डबा रिकामा दिला होता. नुसता रिकामा नाही, घासून, पुसून, चकचकीत पिशवीत, वर आभाराची पावती जोडून.

मी आत जाऊन अविनाशला सगळं सांगितलं.

"हो ना," तो म्हणाला. "आमच्याकडं त रिकामं भांडं कोणीच वापस करत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं? मी डबा पुसत होते तेव्हा तू शेजारी बसून पेपर वाचत होतास!"

"मले वाटलं, पुण्यात असंच राह्यते."

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण माझ्या गावाबद्दलचं त्याचं खरं मत मला त्या दिवशी कळलं.

पुन्हा मंडई

प्रश्न असा होता की ताईचा डबा ताईकडे पोचलेला होता. आता भरून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणजे माझाच डबा घेऊन जायला हवं. माझ्याकडे प्लास्टिकच्या डब्यांचा डोंगर होता, पण ताईच्या हातात ते द्यायची हिंमत होईना. मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन मी स्टीलचा डबा पसंत केला.

"नाव काय टाकायचं?" दुकानदारानं वर न बघता विचारलं.

"नाव नको. तसाच द्या."

"देणगी द्यायचीये का?"

"म्हणजे?"

"नाव नसलेला डबा गेला की गेला. परत यायला हवा असेल तर नाव सांगा. नसेल तर मागं लोक उभे आहेत."

"मीनल," मी म्हणाले. त्यानं मशीन लावून टर्रकन नाव कोरलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी सवयीनं थँक यू म्हणणार होते, जीभ चावली.

घरी येऊन बेसनाचे लाडू केले. तूप जास्त झालं. वळले तेव्हा गोल होते, सकाळपर्यंत सगळे लाडू बसले. डब्यात एकाला एक चिकटून ते थापलेल्या शेणीसारखे दिसत होते. दुसरे करायला वेळ होता, पण धीर नव्हता.

नारायण पेठ

या वेळी आधी फोन करायचा नाही हे पक्कं ठरवलं होतं. आपली माणसं फोन करून जात नाहीत, सरळ जातात. मी सरळ गेले. बेल वाजवली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. नारायण पेठेत अडीच वाजता बेल वाजवणाऱ्या माणसाच्या घरी काहीतरी घडलेलं असतं, किंवा तो बाहेरगावचा असतो.

भाऊजींनी दार उघडलं. अंगात बनियन, गालावर उशीची खूण.

"कुठं आग लागली का?"

"नाही."

"मग चारनंतर यायचं. आणि फोन नाही का करायचा? तुम्ही तिकडची माणसं फोनशिवाय कुणाकडे जात नाही म्हणे."

मी डबा पुढं केला. तेवढ्यात आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. "कोण आहे?"

"मीनल," भाऊजी म्हणाले. "डबा घेऊन आलीये."

आत कॉट करकरली. मग, "काय आहे त्यात?"

"बेसनाचे लाडू," मी दारातूनच म्हणाले.

"बसलेत ना?"

"बसलेत."

"बरं."

ती बाहेर आली नाही. मी डबा भाऊजींच्या हातात ठेवून जिना उतरले. खाली येऊन रिक्षा शोधताना मी ते 'बरं' मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते. आधीच्या दोन्हींपेक्षा ते जरा वेगळं वाटलं, पण आता माझा माझ्या कानांवर भरवसा राहिला नव्हता.

मांजरी, रविवार सकाळ

बरेच दिवस काही झालं नाही. साहेबाचा निरोप येऊन पडला होता आणि अविनाश दर सकाळी माझ्याकडे बघून काही न विचारता ऑफिसला जात होता. मग एका रविवारी, ईशाच्या डोक्याला तेल, अविनाश अर्ध्या चड्डीत, बेसिनमध्ये रात्रीची भांडी, अशा मुहूर्तावर इंटरकॉम वाजला.

"मॅडम, गेटवर एक बाई हायेत. कुणाकडं जायचं इचारलं तर तुमचा नंबर सांगत्यात, पर नाव सांगनात. म्हंत्यात, तिला म्हणावं डबा आणलाय. सोडू का?"

"सोडा!" मी इतक्या जोरात ओरडले की अविनाश उठून उभा राहिला.

ताई दारात आली ती धापा टाकत. "तुमच्या तुरुंगात भेटायला यायची वेळ कुठली असते?" असं म्हणून तिनं चपला काढल्या, ईशाच्या तेलकट डोक्यावर हात फिरवून तो तिच्याच फ्रॉकला पुसला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिनं चौफेर नजर टाकली. भांडी धुण्याच्या यंत्राचं दार उघडून बघितलं.

"अमेरिकेत कांदे यात ठेवतात का?"

तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. संजय आणि वैशालीच्या विवाहाप्रीत्यर्थ.

"तुझा डबा देत नाही, त्याचं झाकण घट्ट आहे. हा घे."

डबा अगदी हलका होता. मी झाकण उघडलं. आत गुलाबी कार्ड. सोनेरी अक्षरांत 'थँक यू'.

"रिकामा देऊ नये म्हणतात," ताई म्हणाली. "घरात जास्तीचं एवढंच होतं."

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. मी ओट्यापाशी उभी राहून लहान मुलासारखी रडले. ईशा दारातून घाबरून बघत होती. ताईनं पदर खोचला.

"रडू नकोस. कणीक भिजव. मी जेवून आलेली नाही."

चकोल्या तिनंच केल्या. मी फक्त हाताशी होते आणि माझ्या कणीक मळण्यापासून डाळ घोटण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला तिनं नावं ठेवली. अविनाशनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेबाला काय कळवू?" मी म्हटलं, "डॅलसच्या घराला गिऱ्हाईक बघ म्हणावं."

डॅलसकरांनो, तुम्ही याल तेव्हा सोफा आणा, यंत्र आणा, कांदे ठेवायला कामाला येतं. कार्डं मात्र तिथंच ठेवून या.

ऊन उतरल्यावर ताई निघाली. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा लक्षात आलं की डबा ओट्यावरच आहे.

"ताई, थांब. डबा राहिला."

"राहिला नाही, ठेवलाय," ती रिक्षात बसत म्हणाली. "आणि परत देताना लाडू नकोत."